नदीवरच्या छोट्या बंदराचं प्राधिकरण नेमकं करतं काय?

तुमचा प्रश्न असा की नदीवरच्या छोट्या बंदरात बघायला गेलं तर दोन-चार गोदामं आणि एखादी क्रेन, मग त्याला वेगळं प्राधिकरण कशाला लागतं. बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यासारख्या नावेने, धान्य आणि खत पाठवायच्या कामात मी बरीच वर्षं आहे त्यावरून सांगतो, अशी बहुतेक प्राधिकरणं मुळात जागामालक असतात. धक्का, मागची जमीन, आतले रस्ते, रेल्वेची सायडिंग (माल चढवा-उतरवायचा बाजूचा रूळ) त्यांची, आणि सायलो (धान्याच्या उंच कोठ्या), कन्व्हेयर, टाक्या बऱ्याचदा तिथे लीजवर आलेल्या कंपन्यांच्या. भाडं गोळा करायचं, उतरलेल्या मालावर टनामागे पैसे घ्यायचे, वजनकाटा चालू ठेवायचा, ऑफिसात मोजकीच माणसं पुरतात.

खरी डोकेदुखी पाण्याची. मुख्य प्रवाहाची खोली त्यांच्या हातातच नसते, ते काम सरकारी यंत्रणेचं, अमेरिकेत आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, भारतात अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण. वरच्या मिसिसिपीत ९ फूट खोली राखायची असते. पण बंदराचा धक्का बरेचदा प्रवाहाच्या बाजूला खोदलेल्या संथ पाण्यात असतो, बार्ज बांधायला छान, आणि गाळ बसायलाही तितकंच छान! पूर ओसरला की तो काढायला ड्रेजर बोलवा, आणि धक्क्याजवळचा तो खर्च बहुतेक ठिकाणी बंदरालाच पडतो. तिकडच्या नेहमीच्या बार्जमध्ये साधारण १५०० टन म्हणजे साठेक ट्रकांचा माल बसतो, खोली एक फुटाने कमी मिळाली की त्यातला २०० टन माल मागे ठेवूनच निघावं लागतं.

शिवाय समुद्राची भरती-ओहोटी रोजची आणि ठरलेली, नदीचं तसं नाही. मिसिसिपीवरच्या मेम्फिसला १९३७ च्या पुराची पातळी आणि अलीकडच्या दुष्काळातली पातळी यात १५ मीटरपेक्षा जास्त फरक आहे, आता सांगा धक्का बांधायचा कुठल्या उंचीवर? म्हणून तरंगता पाँटून ठेवतात, काठापर्यंत हलता पूल, गोदामं पूररेषेच्या वर. जर्मनीत ऱ्हाईन नदीवर २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काउब गावचा पाणीपातळी मोजायचा गेज २५ सेंटीमीटरवर आला होता (गेजचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, खोली त्याहून जास्त होती), तरी जहाजं अर्धीमुर्धी भरूनच जात होती, क्रेन कितीही मोठी असली तरी तिचा काय उपयोग.

तुम्हाला माल पाठवायचा विचार असेल तर बंदराचं चकचकीत ब्रोशर बाजूला ठेवा आणि मागच्या काही वर्षांत महिनावार धक्क्याला खोली किती मिळाली ते मागा, चांगल्या बंदराकडे हा हिशोब तयार असतो. सायडिंग मात्र स्वतः जाऊन बघा, कागदावर ती असते आणि प्रत्यक्षात रुळांत झुडपं वाढलेली असतात, मग पुढचं सगळं ट्रकने न्यावं लागतं आणि बार्जने वाचवलेलं भाडं तिथेच जातं.