जंगलाला लागून असलेल्या गावांतले सगळेच लोक सरपण विकतात का?

नाही. ऐन जंगलातल्या गावात सरपण घेणार तरी कोण? प्रत्येकाच्या परसात रचलेलंच असतं.

माझं गाव हिंगणघाटकडे, कापसाच्या पट्ट्यात. आजोळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, झाडीपट्टीत म्हणजे जंगलाच्या मुलखात. आमच्याकडे चुलीत जाते पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. कापूस निघाला की उपटायची, पावसाआधी गंजी रचायची, सोबत तुराट्या. फुकटचं जळण, पण भसकन पेटतं आणि लगेच विझतं. आईचा एक हात भाकरीवर, दुसरा सतत चुलीत. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत दडते म्हणून गंज्या ठेवू नका, असं कृषी खातं सांगतं. मग चुलीत काय घालायचं, ते कुणी सांगत नाही. बाभळीचं लाकूड विकत यायचं ते लग्नकार्यापुरतं.

आजोळी मामीला धावडाच लागतो, निखारा टिकतो म्हणून. पळसाला ती लाकूडच मानत नाही, नुसता धूर.

मोळीविक्या दिसतो तो जंगलाच्या काठावरच्या आणि बाजारालाही जवळ असलेल्या गावात. पहाटे सायकलच्या कॅरिअरला दोन-तीन मोळ्या आवळायच्या आणि हॉटेलं, घरं करत दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. त्यातही विकणारा बहुतेक भूमिहीनच. धानाची शेती असलेला त्या भानगडीत पडत नाही. निस्तार हक्क, म्हणजे जंगलातून सरपण वगैरे घ्यायचा गावकऱ्यांचा हक्क, घरच्या वापरापुरता, म्हणून विकणाऱ्याचं अर्धं लक्ष फॉरेस्ट गार्डकडे. आतल्या गावातून तेवढंच लाकूड वाहून आणलं तर दिवस मोडतो आणि हाती काही उरत नाही. तिथला पैसा मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा: मोह वाळवून ठेवता येतो, पत्ता गावातल्याच फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, विकला जातो.

आता त्या भागात अंतराचा हिशेब वाघानेही बदलला आहे. पूर्वी मामी चुंबळ घेऊन एकटी निघायची. आता चार-पाच जणी मिळून जातात, आत शिरत नाहीत, काठावरचं मिळेल ते वेचतात. त्यामुळे मोळीत पळससुद्धा येतो.

मामीकडे सिलिंडर आहे. गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते, तिथून तो सायकलवर आणावा लागतो. म्हणून त्यावर फक्त चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक; भात आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच.