एसीचा गॅस दरवर्षी का भरावा लागतो?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सात वर्षांची आहे. गेली काही वर्षे उन्हाळा लागला की एसीचा गॅस भरून घ्यावा लागतो. यंदा मेकॅनिकने गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे ऑइलही टाकायला सांगितले आहे. गॅस दरवर्षी भरणे आवश्यक असते का, आणि ऑइल किती टाकावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून तो अगदी थोडा झिरपतो, परंतु त्यामुळे दर उन्हाळ्यात थंडावा जाणे शक्य नाही. आपल्या गाडीत निश्चितच गळती आहे आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. शिवाय बहुतेक गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापमानवाढ घडवणारा मानला जातो, तेव्हा तो हवेत सोडत राहणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

गळतीची खूण बहुधा ऑइलच देते. ते गॅसबरोबरच फिरत असल्याने जिथून गॅस निसटतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरला, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीला, खडी लागून छिद्र पडते, म्हणून तो आणि नळ्यांचे सांधे आधी पाहावेत. डाग दिसला नाही तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने तपासणी करावी, किंवा गळती दाखवणारा रंग घालून अतिनील दिव्याने शोध घ्यावा.

गळती दुरुस्त झाल्यावर पंप लावून किमान अर्धा तास व्हॅक्यूम करणे, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढणे, अनिवार्य आहे. नळ्यांत राहिलेला ओलावा कमी दाबाखाली उकळून बाहेर जातो. तो आत राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या अरुंद झडपेत, बर्फ धरतो आणि गॅस व ऑइलशी मिसळून आम्ल तयार होते. पंप बंद केल्यावर दाबमापकाचा काटा चढू लागला, तर गळती अजून शिल्लक आहे असे समजावे.

गॅस वजन करूनच भरून घ्यावा. तो किती ग्रॅम लागतो हे बॉनेटखालच्या लेबलवर छापलेले असते. नुसत्या दाबमापकावर (गेजवर) विसंबू नये, कारण बाहेरचे तापमान आणि पंख्याचा वेग बदलला की दाबही बदलतो. गॅस जास्त झाला तर थंडावा वाढत नाही, उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

आता ऑइलविषयी. ते इंजिन ऑइलप्रमाणे ठरावीक काळाने बदलायचे नसते; जेवढे बाहेर गेले असेल तेवढेच परत घालायचे असते. मशीनने गॅस काढताना त्याच्याबरोबर किती ऑइल आले, ते मोजायला सांगावे. कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसर बदलला, तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्या भागासाठी दिलेले प्रमाण पाळावे. ऑइल कमी पडले तर कॉम्प्रेसर घासतो, आणि जास्त झाले तर ते नळ्यांत साचून थंडावा कमी करते, म्हणून अंदाजाने टाकलेले ऑइल मला मुळीच मान्य नाही. आर-१३४एच्या बहुतेक गाड्यांत पीएजी नावाचे कृत्रिम ऑइल असते. मात्र त्याचा दाटपणा कॉम्प्रेसरप्रमाणे बदलतो. हे ऑइल हवेतील ओलावा वेगाने शोषून घेते, त्यामुळे आधीपासून उघडा असलेला डबा वापरू देऊ नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरसाठी बहुधा वेगळे, वीज न वाहणारे पीओई ऑइल लागते. तिथे पीएजी घातल्यास विजेचे इन्सुलेशन बिघडू शकते.