कोकणात डोंगराच्या कुशीत घर, भोवती दाट झाडी: टीव्हीला कोणता अँटेना लावावा?

छपरावरचा काड्यांचा अँटेना आणि बूस्टर यांवर पैसे घालू नका. दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली. पकडायला सिग्नलच नसेल, तर बूस्टर वाढवणार काय?

छत्री, म्हणजे डिश अँटेना, घ्या. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेला महिन्याचं भाडं नाही. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीच्या बाजूने तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. इतक्या उंचीमुळे डोंगर सहसा आड येत नाही. आड येतात ती झाडं! उन्हाळ्यात चित्र स्वच्छ असतं, आणि पावसाळ्यात आंब्या-फणसाची ओली पानं सिग्नल गिळून टाकतात. म्हणून आधी अंगणात उभं राहून आग्नेयेचं आकाश कुठून मोकळं दिसतं ते पाहा. घरापासून थोडी लांब जागा असली तरी चालेल, चांगली केबल ओढता येते. झाडावर मात्र छत्री बांधू नका. वाऱ्याने हलली की चित्र गेलंच.

नेहमीच्या ६० सेंटीमीटरऐवजी ९० ची छत्री घेतली तर मुसळधार पावसातही चित्र जास्त वेळ टिकतं. पाइप काँक्रीटमध्ये पक्का रोवा.