कॉकर स्पॅनिएल आमच्या घराला मानवेल का?

प्रश्न : आम्ही भुसावळला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी आणि यजमान दोघेही नोकरी करतो. दिवसभर घरी सासूबाई असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. नऊ वर्षांच्या मुलीने इंग्लिश कॉकर स्पॅनिएल जातीच्या कुत्र्याचा हट्ट धरला आहे. ही जात आम्हाला झेपेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : जागेची अडचण येणार नाही, पूर्ण वाढलेल्या कॉकरची उंची साधारण ३८ ते ४१ सेंटीमीटर आणि वजन १३ ते १५ किलो असते. मुलांमध्येही तो रमतो. परंतु शिकारीत झुडपांत दडलेले वुडकॉक पक्षी उडवून बाहेर काढण्यासाठी ही जात जोपासली गेली (नावही त्या पक्ष्यावरूनच पडले), त्यामुळे रोज तासभर तरी धावणे आणि हुंगणे मिळाले नाही, तर तो आपला उत्साह तुमच्या चपलांवर आणि गाद्यांवर खर्च करतो. भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, म्हणजे तेव्हा हे फिरणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री उशिराच शक्य आहे, आणि जिना उतरून पट्टा धरण्याचे काम सासूबाईंवर टाकता येणार नाही.

खरी मेहनत कानांची असते. लांब, केसाळ, लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, ओल टिकते आणि संसर्ग होतो. म्हणून कान आठवड्यातून एकदा तरी तपासावे लागतात. पावसाळ्यानंतर शेताच्या बांधावर फिरवल्यास कुसळे आणि गोचिडे कानांत व बोटांच्या बेचक्यांत शिरतात, तेव्हा ही तपासणी रोजची होते. केस दिवसाआड विंचरावेत. मात्र उकाडा म्हणून ते मुळापासून भादरू नयेत, कारण त्याने कातडीला थेट ऊन लागते. हा कुत्रा खादाडही असतो. शेवभाजीचा रस्सा किंवा पातीचा कांदा घातलेले भरीत मायेपोटी पुढे केले जाईल, परंतु कांदा कुत्र्यांच्या रक्तपेशी नष्ट करतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावे.

तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत माझे उत्तर तूर्त 'नाही' असे आहे. तरीही मुलीचा हट्ट टिकला, तर तुमच्यापैकी एकाने तिच्यासह संपूर्ण मे महिना रोज पहाटे पाचला, कुत्र्याविनाच, अर्धा तास चालून पाहावे. एकही दिवस न चुकवता महिना पार पडला, तर पिलू पाहायला जावे आणि त्याच्या आईवडिलांच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारावे, कारण या जातीत दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार आढळतो.