सहीची वही

प्रश्न : वडोदऱ्यातील आमच्या महाविद्यालयात समलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आणि इतर विद्यार्थ्यांचा एकत्र गट आम्ही सुरू केला आहे. पहिल्या बैठकीत हजेरीची वही फिरली, तेव्हा दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मुलाने पेन हातात घेतले आणि क्षणभर थांबून, सही न करताच वही पुढे सरकवली. नंतर तो आलाच नाही. आमचे काय चुकले?

उत्तर : वही फिरवली हेच चुकले, ती बंद करा. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्यामुळे त्या मुलाला भीती असेल ती कायद्याची नव्हे, घरी बातमी पोहोचण्याची, आणि दांडिया बाजारासारख्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मराठी घरांच्या वस्तीत ती अनाठायी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १९८८ साली एका शाळेत असा गट निघाला. अशा गटाचे मोठे बळ, माझ्या मते, हे की सोबती म्हणून येणारेही तिथे बसत असल्यामुळे नुसत्या उपस्थितीवरून कोण काय आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इतरांनी आवर्जून यावे, कुणी कुणाला विचारू नये आणि छायाचित्रे काढू नयेत. त्या मुलाला चारचौघांत हाक मारू नका. एकटा भेटेल तेव्हा वही बंद झाल्याचे तेवढे सांगा.