मेसेज नको, डिस्क बघ

प्रिय,

सीपी आणि एमव्ही या फाइल कॉपी करणाऱ्या आणि हलवणाऱ्या लिनक्स कमांड फसल्या तर काय होतं, हे तपासणाऱ्या तुझ्या चौदाही टेस्ट काल रात्री वाचल्या. कोड स्वच्छ आहे, टेस्टची नावंही नेमकी आहेत. पण जवळपास प्रत्येक टेस्टमध्ये तू एवढंच बघतेस की एरर मेसेज आला का. आला, की टेस्ट पास. त्यानंतर डिस्कवर काय उरलं, ते कोण बघणार? वापरणाऱ्याला मेसेजशी देणंघेणं नसतं. त्याला त्याची फाइल हवी असते.

सीपी नव्या जागी कॉपी करताना फसली, तर फार तर अर्धा तुकडा पडून राहतो. मूळ फाइल जागेवरच असते. एमव्हीचं तसं नाही. एकाच फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे फाइलींच्या एकाच साठ्यात, ती नुसतं रिनेम करते. झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. पण दुसऱ्या फाइलसिस्टिमवर जायचं म्हटलं की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ईएक्सडेव्ह ('हा साठाच वेगळा') ही एरर देऊन हात वर करतो. मग एमव्ही आधी कॉपी करते आणि नंतर मूळ फाइल पुसते. घोडं इथेच पेंड खातं. मधेच जागा संपली आणि तरी मूळ पुसली गेली, तर तेलही गेलं आणि तूपही गेलं. तुझ्या सगळ्या टेस्ट एकाच टेम्प डिरेक्टरीत चालतात, म्हणजे या वाटेला तू अजून गेलेलीच नाहीस.

एक एमबीचं टीएमपीएफएस, म्हणजे मेमरीतली फाइलसिस्टिम, माउंट कर (जोड) आणि दोन एमबीची फाइल त्यात एमव्ही करून बघ. एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'यशस्वी', नको, मूळ फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) आधीचाच हवा, आणि पलीकडे तुकडा राहिला असेल तर तो किती, तेही टेस्टमध्ये लिही. माउंट करायला रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर, लागतो. तो नसेल तर युलिमिट या शेल कमांडने फाइलच्या आकारावर मर्यादा घाल. मात्र मर्यादा ओलांडली की कर्नल सिग्नल पाठवून प्रोसेसच मारतो. तो सिग्नल आधी शेलच्या ट्रॅप कमांडने निकामी कर, मग साधी 'फाइल फार मोठी' अशी एरर मिळते.

डेव्ह-फुल हे कायम भरलेलं नकली डिव्हाइस तू वापरलंस, छान. त्यावर काहीही लिहायला गेलं की 'जागा नाही' हेच उत्तर येतं. पण तू कॉपी केलेली फाइल रिकामी आहे! लिहायलाच काही नाही, म्हणून सीपी शून्य देऊन मोकळी होते. टच कमांडने रिकामी फाइल बनवायची सवय मोड, निदान एक ओळ तरी टाक.

परवानगीची जी टेस्ट तू 'विचित्र' म्हणून बाजूला ठेवलीस, ती विचित्र नाही. फाइलच्या सगळ्या परवानग्या काढल्या तरी एकाच फाइलसिस्टिममध्ये एमव्ही होणारच, कारण नाव हे डिरेक्टरीत लिहिलेलं असतं. म्हणून डिरेक्टरीची लिहिण्याची परवानगी काढ. आणि ही टेस्ट रूट म्हणून चालवू नकोस. रूटला कुणी अडवत नाही.

आता माझी एक फजिती. स्ट्रेस या ट्रेस काढणाऱ्या टूलने सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीत, मुद्दाम एरर घुसवता येते, हे तुला माहीत आहे. मी तिसऱ्या राइट कॉलला 'जागा नाही' घुसवलं आणि सीपी खुशाल यशस्वी झाली. अर्धा दिवस स्ट्रेसलाच शिव्या घातल्या. शेवटी काही न घुसवता नुसता ट्रेस काढला, तर त्यात फाइलसाठी राइट नव्हताच. २०२१ साली आलेल्या कोअरयुटिल्स (सीपी, एमव्ही वगैरे कमांडचा संच) ९.० पासून सीपी आधी कॉपी-फाइल-रेंज हा कॉल वापरून बघते, कर्नललाच सांगते की तूच उचलून ठेव. एरर तिथे घुसवायला हवी होती. तेव्हापासून आधी ट्रेस वाचतो, मग खोडी काढतो. त्याच कॉलला 'हा कॉल उपलब्ध नाही' असं उत्तर देऊन बघ, सीपी निमूट जुन्या रीड-राइटवर येते. तीही एक वेगळी टेस्ट झाली.

किरकोळ दोन गोष्टी. मेसेज तपासायचाच असेल तर एलसी-ऑल हे भाषेचं सेटिंग 'सी' ठेव, नाहीतर भाषा बदलली की टेस्ट पडेल. आणि सीपीच्या व्हर्बोज (काय करतेय ते सांगणाऱ्या) ओळीला पुरावा मानू नकोस, ती ओळ कॉपी व्हायच्या आधीच छापली जाते.

राहिला तुझा प्रश्न, की बारावी टेस्ट लॅपटॉपवर अडकते आणि सर्व्हरवर पास का होते. तिथे तू रीड-ओन्ली फाइलवर दुसरी फाइल एमव्ही करतेस. समोर टर्मिनल असेल तर एमव्ही 'बदलू का?' विचारून थांबते. सर्व्हरवर टर्मिनल नसतं, मग ती विचारत नाही. म्हणजे सर्व्हरवर ती रीड-ओन्ली फाइल दर रात्री मुकाट्याने बदलली जात होती, आणि टेस्ट हिरवी दिसत होती.