'गो' आणि 'बोय': नाते कोठवर पोचते

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: बैलाला पोर्तुगीजमध्ये म्हणतात तो 'बोय' आणि आपला 'गो' यांचे नाते आहे काय, आणि 'गोवा' हे नावही त्याच मुळातले मानावे काय. पहिल्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसऱ्याचे मात्र तसे खात्रीने देता येत नाही.

या शब्दांचे आद्य भारोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतले, रूप अभ्यासक साधारण 'ग्वोउस्' असे मांडतात. ते कोठेही लिहिलेले सापडलेले नसल्यामुळे त्याआधी तारांकन देतात. आरंभीचा 'ग' ओठ गोल करून उच्चारला जाई. संस्कृतात ओठांचा अंश गळून 'गो' उरला, ग्रीकमध्ये ओठांनीच बाजी मारल्याने 'बूस्' झाला, आणि इंग्रजीत त्याच ध्वनीचा 'क' होऊन 'काउ' आला. हा योगायोग नव्हे, कारण जाण्यायेण्याच्या धातूतही हीच रांग दिसते: संस्कृत 'गम्', ग्रीक 'बाइनो', इंग्रजी 'कम'. नात्याचा पुरावा या नियमितपणात असतो, कानाला वाटणाऱ्या साम्यात नाही. 'गो' आणि 'बोय' तर कानाला फारसे सारखेही वाटत नाहीत.

लॅटिनमध्ये एक गाठ आहे. तेथे या ध्वनीचा 'व' होतो, म्हणूनच लॅटिनमधून निघालेल्या पोर्तुगीजमध्ये 'येणे' म्हणजे 'वीर'. त्या न्यायाने बैलाचा शब्दही 'व'ने सुरू व्हायला हवा होता. पण लॅटिन शब्द आहे 'बोस', आणि 'बोय' त्याचाच वंशज. रोमच्या लोकांनी हा शब्द शेजारच्या ग्रामीण इटालिक बोलींतून, म्हणजे या ध्वनीचा 'ब' करणाऱ्या लॅटिनच्या बहिणींतून, उचलला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. शहराने गुरांचा शब्द खेड्याकडून घ्यावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

आपल्या घरात हे मूळ अधिक खोल रुजले आहे. दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात ज्यांना ओवाळतात ती 'गोरवां' आणि मराठीतली 'गुरे' ही दोन्ही 'गोरूप'पासून आली. 'गोठा' हा संस्कृत 'गोष्ठ', म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. तेथे जमणाऱ्यांची बैठक ती 'गोष्ठी', मग त्या बैठकीतले बोलणे, आणि त्यातून आपली 'गोष्ट'. 'गवेषणा' म्हणजेही मुळात गाईंचा शोध.

आता 'गोवा'. गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या राजधानीचे नाव गोपकपट्टण होते आणि त्यात 'गोप' उघड दिसतो, हे खरे. परंतु स्थानिक नावाला संस्कृत पेहराव चढवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, त्यामुळे त्या काळच्या जाणत्यांना हे नाव कसे समजले एवढेच त्यावरून ठरते. 'बोय'च्या बाबतीत ध्वनींची रांग पडताळता येते. एकट्या ग्रामनामाला ती कसोटी लावता येत नाही.